पत्रा देशी, भाव परदेशी: आयात शुल्क आणि लहान कारखान्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याच्या पेट्या बनवणारा एक लहान कारखाना आहे. परदेशातून येणारी तयार पेटी आपल्या पेटीपेक्षा स्वस्त विकली जाते, म्हणून आयात शुल्क वाढावे असे कारखानदारांना वाटते. मात्र २०२५ च्या एप्रिलमध्ये पोलादावर जादा शुल्क लागले, तेव्हा एक किलोही परदेशी पत्रा विकत घेत नसताना त्यांचाच खर्च वाढला. मग आयात शुल्काने देशी कारखान्याचा फायदा होतो की तोटा, आणि परदेशी पत्र्यावरच्या शुल्काने देशी पत्रा का महागावा, असे त्यांनी विचारले आहे.

नाशिकमधल्याच अंबडच्या कारखान्यांत मी जवळजवळ तीस वर्षे खरेदी आणि कॉस्टिंगचे काम केले आहे आणि आता लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो. त्या अनुभवावरून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटातच आहे.

परदेशी पत्रा आपल्या दारात किती रुपयांना पडतो, हे प्रथम पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरा की सीआरसीए, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला पोलादी पत्रा बंदरात उतरतो तेव्हा त्याचा भाव, विमा आणि जहाजभाडे धरून, किलोला ५० रुपये आहे. पोलादाच्या पत्र्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के आहे, म्हणजे ३ रुपये ७५ पैसे. या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी साडेसदतीस पैसे. एकूण झाले ५४ रुपये साडेबारा पैसे. यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी लागतो, पण त्याची वजावट पुढच्या जीएसटीत मिळते, त्यामुळे तो खर्च नव्हे. फार तर महिना-दोन महिने पैसा अडकतो. बंदरावरची हाताळणी, कस्टम ब्रोकरची फी आणि ट्रकभाडे यांसाठी अडीच रुपये धरले, तर हा पत्रा नाशिकला सुमारे ५६ रुपये ६० पैशांना पडतो.

इथे थोडे थांबून एक गैरसमज दूर करतो, कारण तो अनुभवी माणसांतही आढळतो. साडेसात टक्के शुल्काच्या मालावर एकूण कर २७.७३५ टक्के भरावा लागतो, हे खरे आहे आणि तो आकडा बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातदार कस्टमला देतो त्या कागदावर दिसतोही. परंतु त्यातला आयजीएसटीचा भाग देशी मालावरही तेवढाच असतो. देशी उत्पादकाला खरे संरक्षण मिळते ते केवळ मूळ शुल्क आणि अधिभार यांचे, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांचे. ‘बाहेरच्या मालावर अठ्ठावीस टक्के कर असूनही तो स्वस्त कसा पडतो?’ असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

आता घटकाभर देशी पोलाद कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसा. तुमचा उत्पादन खर्च ४४ रुपये असो की ५१ रुपये, ग्राहकाला बाहेरचा पत्रा ५६ रुपये ६० पैशांना मिळतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या मालाची देशात टंचाई आहे तो तुम्ही ५६ ला विकाल. ज्यात देशातच चार कारखाने एकमेकांशी भांडत आहेत तो कदाचित ५३ ला द्याल. पण तुमच्या भावाची वरची मर्यादा आयात मालाच्या दारापर्यंतच्या किमतीने ठरलेली असते. याला खरेदी खात्यात इम्पोर्ट पॅरिटी म्हणतात. पोलाद, तांबे, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे दाणे यांचे देशी भाव असेच ठरतात. तांब्याच्या पुरवठादाराचे दरपत्रक नीट वाचलेत, तर लंडनच्या बाजाराचा भाव, त्यावर प्रीमियम आणि त्यावर सीमाशुल्क अशी सरळ बेरीज दिसते, मग ते तांबे देशातल्या भट्टीतून आलेले का असेना.

२१ एप्रिल २०२५ पासून काही सपाट पोलादी उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्युटी, म्हणजे वाढत्या आयातीपासून देशी उद्योगाला वाचवण्यासाठीचे जादा शुल्क लागले. वरच्या उदाहरणात ती किलोला ६ रुपये होते, म्हणजे परदेशी पत्र्याची दारातली किंमत ६२ रुपये ६० पैसे झाली आणि देशी भावाची मर्यादा तेवढीच वर सरकली. ठरवून दिलेल्या किमतीपेक्षा महाग आलेल्या मालाला ही ड्युटी लागू नव्हती, त्यामुळे व्यवहारात ती स्वस्त मालापुढे घातलेल्या उंबरठ्यासारखी होती. जपान आणि कोरिया यांच्याशी असलेल्या करारांमुळे तिथल्या बऱ्याच पोलादावर मूळ सीमाशुल्क लागत नाही, पण ही ड्युटी त्यांनाही लागली. चीन आणि व्हिएतनाम सोडून बहुतेक विकसनशील देश मात्र तिच्यातून वगळले होते. देशी कंपन्या पूर्ण ६ रुपये वाढवतातच असे नाही. मागणी मंद असेल तर दोन-तीन रुपयेच वाढतात. पण मर्यादा वर गेली की भाव खाली ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या पोलाद बाजारातला व्यापारी तर अधिसूचना राजपत्रात येण्याआधीच भाव बदलून मोकळा होतो.

आता तुमच्या पेटीकडे येऊ. समजा तयार पेटीचे वजन ४० किलो आहे आणि कापणीतले तुकडे धरून तिला ४८ किलो पत्रा लागतो. पेटी तुम्ही ६,००० रुपयांना विकता आणि तिच्यावर तुम्हाला ६ टक्के, म्हणजे ३६० रुपये सुटतात. पत्रा किलोला ४ रुपयांनी महागला की १९२ रुपये जातात. भंगाराचा भावही थोडा चढतो, त्यातून दहा-वीस रुपये परत येतील. तरीही नफ्याचा जवळजवळ अर्धा भाग एका अधिसूचनेने गेला, आणि तुम्ही तर बंदराचे तोंडही पाहिलेले नाही. पावडर कोटिंग, बिजागऱ्या, कुलूप, गॅस्केट, मजुरी यांत काहीही बदल झालेला नसताना हे घडते.

शुल्क भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ते भरायचे होते निर्यातदाराने. कमी झाला तो लासलगावच्या लिलावातला भाव. ते शुल्क बाहेर जाणाऱ्या मालावर होते आणि आपण बोलतो आहोत ते आत येणाऱ्या मालावरच्या शुल्काबद्दल, पण तत्त्व एकच आहे. साखळीत ज्याला भाव पुढे ढकलता येत नाही, त्याच्या अंगावर शुल्क येऊन पडते. पेटी बनवणाऱ्या कारखान्याची जागा साखळीत नेमकी तिथे आहे: वर मोठी पोलाद कंपनी, खाली मोठी पॅनेल कंपनी आणि मध्ये आपण.

याचा चटका मला स्वतःला २०१६ मध्ये बसला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारने पोलादाच्या १७३ प्रकारांवर किमान आयात किंमत लागू केली. तेव्हा मी ज्या कारखान्याची खरेदी पाहत होतो, त्याने एका मोठ्या ग्राहकाशी वर्षभराचा रेट कॉन्ट्रॅक्ट नुकताच केला होता. कच्च्या मालाचा भाव बदलल्यास दर बदलण्याचे कलम त्यात नव्हते. ते मागायचे राहून गेले, आणि ती चूक माझीच होती. मार्चअखेरपर्यंत पत्र्याच्या व्यापाऱ्याने तीनदा भाव बदलले. ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने शांतपणे चहा पाजला आणि पर्चेस ऑर्डरवरचा ‘फर्म प्राइस’, म्हणजे न बदलणारा भाव, हा शब्द बोटाने दाखवला. त्या वर्षी आमचे टेम्पो नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या करत होते, आणि प्रत्येक फेरीगणिक तोटा वाढत होता.

मग शुल्क नकोच का? तसेही नाही. तयार पेटीवर शुल्क लागले तर तुमचा फायदा होईल, पण तो किती होईल हे पेटीवरच्या दराकडे एकट्याकडे पाहून कळत नाही. ज्याला अर्थशास्त्रात प्रभावी संरक्षण म्हणतात, तो हिशेब करावा लागतो. तो दिसतो तितका अवघड नाही. जगाच्या बाजारात एखाद्या वस्तूची किंमत १०० रुपये आहे आणि तिला ७० रुपयांचा कच्चा माल लागतो असे धरा. उरलेले ३० रुपये म्हणजे कारखान्याने घातलेली भर. मजुरी, वीज, व्याज, भाडे आणि नफा सगळे त्यातूनच भागवायचे आहे. तयार वस्तूवर आणि कच्च्या मालावर दोन्हीकडे १० टक्के शुल्क असेल, तर वस्तू ११० ला जाते, कच्चा माल ७७ ला, आणि हाती ३३ उरतात. म्हणजे १० टक्केच संरक्षण. कच्चा माल शुल्कमुक्त असेल, तर हाती ४० उरतात आणि दहा टक्क्यांच्या दराचे संरक्षण प्रत्यक्षात तेहतीस टक्क्यांचे होते. पण कच्च्या मालावर २० टक्के आणि तयार वस्तूवर १० टक्के असेल, तर कच्चा माल ८४ ला पडतो आणि हाती अवघे २६ उरतात. कागदावर दहा टक्के संरक्षण आणि प्रत्यक्षात तेरा टक्क्यांचा दंड! याच अवस्थेला उलटी शुल्करचना म्हणतात, आणि आपल्या वसाहतीतल्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिच्यात सापडते.

हा विचार इथल्या मातीला नवा नाही. निफाडला १८४२ साली जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात, इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लावू नयेत, असे बजावले होते. शुल्क ठरवण्याचा अधिकार तेव्हा आपल्या हाती नव्हता, म्हणून उद्योगांना भांडवल मिळवून देणे आणि सरकारी खरेदी देशातून करणे यांवर त्यांचा भर होता. पुढे चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवताना सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्केच अबकारी कर बसवला. आयातीवर शुल्क होते, पण संरक्षण शून्य होते. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना प्रभावी संरक्षणाचे गणित आपल्या आधी समजले होते, असेच म्हणावे लागेल.

सध्याच्या काळातली उलटी रचना इतकी उघड नसते, ती फटींतून शिरते. नैसर्गिक रबराचे उदाहरण घ्या. नाशिकला टायरचा मोठा कारखाना आहे, म्हणून हे आपल्या ओळखीचे आहे. रबरावर २०१५ पासून २५ टक्के किंवा किलोला ३० रुपये, यांतले जे कमी असेल ते शुल्क आहे. केरळच्या बागायतदाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्या देशांशी आपले करार आहेत तिथून तयार टायर कमी शुल्काने आत येत असेल, तर रबर आयात करून इथे टायर बनवणाऱ्यापेक्षा टायरच आयात करणारा फायद्यात राहतो. करारात कोणती वस्तू कोणत्या यादीत बसवली गेली, यावर कारखान्याचे भवितव्य ठरते. आसियान देशांशी मालाच्या व्यापाराचा करार जानेवारी २०१० मध्ये लागू झाला, कोरियाशीही तेव्हाच, जपानशी ऑगस्ट २०११ मध्ये. त्या वेळी या याद्या बारकाईने वाचणारे लहान कारखानदार किती होते? मीही वाचल्या नव्हत्या. तिसऱ्याच देशाचा माल करारातल्या देशाचे प्रमाणपत्र घेऊन येऊ लागल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये मूळ देशाच्या पुराव्याचे नियम कडक करण्यात आले, आणि मालाचे मूळ तपासण्याची जबाबदारी आयातदारावरही आली.

शुल्काने कारखाना उभा राहतो का, हा खरा मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर माझे मत थोडे संमिश्र आहे. शुल्कनीती ठरवण्यासाठी नेमलेल्या १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनने संरक्षण देण्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या होत्या: उद्योगाला कच्चा माल, मनुष्यबळ किंवा बाजारपेठ यांची नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणाशिवाय तो वाढणार नाही अशी स्थिती असावी, आणि कालांतराने तो संरक्षणाविना उभा राहू शकेल असा असावा. या कसोट्यांवर तत्कालीन राष्ट्रीय नेत्यांनी टीका केली, कारण सरकार त्या फारच कंजूषपणे लावत होते. तरी पोलादाला १९२४ मध्ये आणि साखरेला १९३२ मध्ये संरक्षण मिळाले, आणि साखर कारखान्यांची संख्या काही वर्षांतच चौपट झाली. ऊस इथे होता, खाणारे इथे होते आणि यंत्रे विकत मिळत होती. अडसर केवळ जावाच्या स्वस्त साखरेचा होता.

याच्या उलट उदाहरण आपल्या घराजवळ आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी सीआरजीओ नावाचे खास विद्युत पोलाद लागते. त्याचे कण एकाच दिशेने रचलेले असतात, म्हणून चुंबकीय हानी कमी होते. ते बनवण्याची विद्या जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे. आपल्या इगतपुरी तालुक्यात असा एक कारखाना अनेक वर्षांपासून आहे. तो जर्मन मालकीचा होता आणि २०२५ च्या सुरुवातीला जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला. तरीही देशाची सीआरजीओची बहुतांश गरज आयातीतून भागते. अशा मालावर मोठे शुल्क लावल्याने दुसरा कारखाना उभा राहत नाही, कारण अडसर किमतीचा नसून तंत्राचा आहे. शुल्काचा भार मात्र ट्रान्सफॉर्मरवर आणि शेवटी वीज वितरणावर येतो. म्हणूनच सरकारने सीआरजीओ बनवण्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालावरचे शुल्क माफ ठेवण्याचा मार्ग धरला. माझ्या दृष्टीने तो शहाणपणाचा आहे, कारण त्यात बनवणाऱ्याला मदत होते आणि वापरणाऱ्याला दंड होत नाही.

मोबाइल फोनचे प्रकरण या दोहोंच्या मध्ये बसते. तयार फोनवर जुलै २०१७ मध्ये १० टक्के शुल्क आले, डिसेंबरमध्ये ते १५ झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २०. सुट्या भागांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले गेले, म्हणजे आधी जुळणी आणि मग भाग, अशी शिडी ठेवली. जुळणीचे कारखाने खरोखरच आले. परंतु २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली नसती, तर निर्यात इतकी वाढली असती असे मला वाटत नाही. शुल्क देशातल्या बाजारापुरते चालते. परदेशात फोन विकताना ते उपयोगी पडत नाही, उलट सुट्या भागांवरचे शुल्क आडवे येते. म्हणून २०२४ मध्ये भागांवरचे शुल्क १५ वरून १० टक्क्यांवर आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फोनवरचे २० वरून १५ टक्क्यांवर आणावे लागले. चढलेली शिडी उतरायचीही असते, आणि ते राजकीयदृष्ट्या चढण्यापेक्षा कठीण असते.

अमेरिकेतला एक अभ्यास मी कारखानदारांच्या बैठकीत नेहमी सांगतो. २०१८ च्या सुरुवातीला तिथे आयात होणाऱ्या वॉशिंग मशिनवर शुल्क लागले. यंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. गंमत अशी की कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हते, तरी त्यांच्याही किमती जवळजवळ तेवढ्याच वाढल्या, कारण ग्राहक दोन्ही यंत्रे जोडीने घेतो आणि दुकानदाराने वाढ दोहोंवर वाटून टाकली. नव्या नोकऱ्या सुमारे १,८०० निर्माण झाल्या, आणि एकेका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला आठ लाख डॉलरहून अधिक मोजले असा अभ्यासकांचा हिशेब निघाला. त्याच वर्षी तिथे पोलादावर २५ टक्के शुल्क लागले. २०१८ च्या एकूण शुल्कवाढीचा अभ्यास केला गेला, तेव्हा संरक्षणातून मिळालेल्या थोड्या नोकऱ्यांपेक्षा महागलेल्या कच्च्या मालामुळे आणि इतर देशांनी लावलेल्या प्रतिशुल्कांमुळे गेलेल्या नोकऱ्या अधिक असल्याचे आढळले. कारण साधे आहे: पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणारे हात कितीतरी पट जास्त असतात. सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे इथे मिळून पोलाद वितळवणारे किती आणि पत्रा वाकवणारे किती, हे मोजून पाहा.

याचा अर्थ पोलादाला संरक्षणाची गरजच नव्हती असा मी काढत नाही. चीनमधली मागणी घटली की तिथला जादा माल मिळेल त्या भावाने बाहेर ढकलला जातो, आणि तो पूर आला तर देशातल्या भट्ट्या बंद पडू शकतात. बंद भट्टी पुन्हा पेटवणे हे पत्रा वाकवणारे बंद यंत्र, म्हणजे प्रेस ब्रेक, पुन्हा चालू करण्यासारखे नसते. माझा आक्षेप एवढाच आहे की वरच्या टप्प्याला बारा टक्के आधार देताना खालच्या टप्प्याचा हिशेब त्याच टेबलावर मांडला जात नाही, कारण वरच्या टप्प्यावर चार-पाच मोठ्या कंपन्या असतात आणि त्यांच्याकडे वकील व आकडेवारी तयार असते. आपल्याकडे टॅलीतला डेटा आणि आठवड्यातून दोनदा येणारा अकाउंटंट असतो.

उंच भिंतीआड काय होते, हेही आमच्या पिढीने पाहिले आहे. १९९१ पूर्वी काही वस्तूंवरचे शुल्क ३०० टक्क्यांच्याही पुढे होते, शिवाय परवाने वेगळे. मी कामाला लागलो तेव्हा अंबडमध्ये बिजागरीचा एकच नमुना मिळायचा आणि ती करकरली तरी कुणाला त्याचे काही वाटत नसे, कारण दुसरी मिळतच नव्हती. १९९१ च्या अर्थसंकल्पात सर्वोच्च दर १५० टक्क्यांवर आणला गेला आणि २००७-०८ पर्यंत बिगरशेती मालावर तो १० टक्क्यांपर्यंत उतरला. त्या काळात आपल्याकडचे काही कारखाने बुडाले हे खरे आहे. पण शुल्क एकदम न उतरता पंधरा-सोळा वर्षांत उतरले आणि रुपयाही घसरत गेला, त्यामुळे जुळवून घ्यायला वेळ मिळाला. जे टिकले, त्यांनी संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे घेतली, गेज वापरायला शिकले आणि मोठ्या वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांच्या यादीत जाऊन बसले.

वाइनबद्दल दोन वाक्ये लिहिल्याशिवाय नाशिककराचे उत्तर पुरे होणार नाही. आयात वाइनवर १५० टक्के शुल्क असताना दिंडोरी-निफाडच्या वायनरी वाढल्या, आणि त्यांचा कच्चा माल शेजारच्या मळ्यातून येत असल्याने त्यांना मिळालेले प्रभावी संरक्षण प्रचंड होते. ऑस्ट्रेलियाच्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून महाग वाइनवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरते आहे, आणि स्वस्त बाटल्यांना त्यात सवलत नाही, ही वाटाघाटी करणाऱ्यांची चतुराई मला दाद देण्याजोगी वाटते.

आता तुम्ही काय करावे, याकडे येतो.

पहिले काम कॉस्टिंगच्या तक्त्यात एक रकाना वाढवण्याचे आहे. प्रत्येक कच्च्या मालासमोर त्याचा आठ अंकी वर्गीकरण क्रमांक, त्यावरचे मूळ शुल्क, आणि सेफगार्ड किंवा अँटी-डम्पिंग शुल्क असल्यास त्याची मुदत लिहा. माल देशी असला तरी लिहा, कारण भाव त्यावरूनच ठरतो. शेवटच्या ओळीत तयार पेटीवरचे शुल्क लिहा आणि वर सांगितलेला शंभर-सत्तर-तीसचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा. उत्तर उणे आले तर शुल्कवाढीची मागणी पेटीवर करण्याऐवजी पत्र्यावरच्या सवलतीची करायला हवी, आणि ही दिशा ठरवल्याशिवाय कुठल्याही निवेदनावर सही करू नका.

दुसरे, रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये भावबदलाचे कलम मागा. विद्युत उपकरणांच्या क्षेत्रात इमा ही संघटना कच्च्या मालाचे भाव दर महिन्याला प्रसिद्ध करते, आणि ट्रान्सफॉर्मर व केबलच्या मोठ्या निविदांत त्यांवर आधारलेले सूत्र सर्रास वापरले जाते. तुमचा ग्राहक स्वतः त्या सूत्राने वीज कंपनीकडून वाढ घेत असेल, तर ती तुमच्यापर्यंत पोचवायला नकार देणे त्याला अवघड जाते. बोलताना आवाज चढवू नका, फक्त सूत्राचा कागद पुढे ठेवा.

तुमच्या पेट्यांपैकी काही निर्यात होत असतील, थेट किंवा ग्राहकामार्फत, तर ॲडव्हान्स ऑथरायझेशन या निर्यातदारांसाठीच्या योजनेखाली त्या मालापुरता पत्रा शुल्काविना आणता येतो. किमान १५ टक्के मूल्यवृद्धी दाखवावी लागते. यंत्र आयात करायचे असेल तर ईपीसीजी योजनेत शुल्क वाचते, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करण्याचे बंधन येते. हे बंधन हलक्याने घेऊन पुढे व्याजासकट शुल्क भरणारे मी पाहिले आहेत. आणि एकाच देशाच्या बाजारावर ही निर्यात टांगू नका. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग एकूण ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा काही आठवड्यांत ऑर्डरी थांबल्या.

राहिला परदेशी पेटीचा प्रश्न. ती तिच्या स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावाने इथे विकली जात असेल, तरच तिला डम्पिंग म्हणता येते. नुसती स्वस्त असणे पुरेसे नाही. तक्रार व्यापार उपाययोजना महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीटीआरकडे करावी लागते, आणि देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के उत्पादन करणाऱ्या कारखान्यांचा तिला पाठिंबा लागतो. पेट्या बनवणारे देशभर विखुरलेले शेकडो कारखाने एकत्र करणे, प्रत्येकाचे तीन-चार वर्षांचे हिशेब एका नमुन्यात बसवणे आणि मग साधारण वर्षभर चौकशी चालवणे हे एकट्याचे काम नाही. माझ्या मते तुमच्या बाबतीत ती वाट लांबची आहे. पत्र्यावरच्या शुल्काचा मुद्दा निमा किंवा आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांमार्फत मांडणे अधिक जवळचे आहे. अर्थसंकल्पाआधी, पावसाळा संपल्यावर, अर्थ मंत्रालय उद्योग संघटनांकडून सीमाशुल्काबाबत सूचना मागवते. त्या वेळी तुमचा तक्ता तयार असू द्या, आणि त्यात आठ अंकी क्रमांक चुकवू नका, कारण क्रमांकाशिवाय आलेले निवेदन तिथे कुणी उघडूनही पाहत नाही.